नऊ सेकंद

सिनेमा एक तास बावीस मिनिटांचा.
आमची खिडकी त्यात नऊ सेकंद आहे.
समोरच्या कुंभारेकाकांच्या गच्चीवरून घेतलेली,
मे महिन्यातली रात्र,
कूलरची वाळ्याची ताटी, दांडीवर टॉवेल,
आणि पडदा ओढणारा एक हात.

हात माझा.
सकाळी भाजीवाला म्हणाला,
"वहिनी, तुमचा हात दिसून राहिला ना बाप्पा!"
सासूबाईंनी याच पाचपावलीत पन्नास वर्षं कांड्या भरल्या,
त्यांच्या लुगड्यांचे काठ रायपूरपर्यंत गेले,
हात कुणी विचारला नाही.
आडनावच निनावे.

तिनदा आली ती मंडळी. नम्र पोरं.
चपला दाराबाहेर काढल्या,
तर्री-पोहे नाक पुसत पुसत संपवले.
बाई म्हणाल्या, भूषणजी आता सगळ्यांचे आहेत.
म्हटलं, असतील.
मग सगळ्यांचं आहे ते न्या.
हेल्मेट न्या. कोइमतूरची ढाल न्या.
घाट रोडच्या गॅरेजातली ती पहिली मारुती न्या,
जिचं मागचं सीट विकून आम्ही टायर घेतले
आणि वर्षभर ज्यात मी
फक्त पुढेच बसू शकत होते.
अपघात तर तुमच्याकडे अकरा बाजूंनी आहे.
मी अजून एका बाजूनंही पाहिलेला नाही.

मग त्यांनी हळूच विचारलं,
इतकं हळू की आधी मला माया वाटली,
"आणि आता… कसे आहेत ते?"
कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका पेटलेला होता.
मी विचारलं, चहात साखर किती?

प्रांजली चिडली माझ्यावर.
"आई, विसरून जातील लोक बाबांना."
आणि माझ्यामागे तिनं त्यांना
फोनमधला त्याचा आवाज दिला:
आधी पट्टा, मग किल्ली, समजलं का बेटा.
मी रागावले नाही.
तो बाप तिचा. तिच्या वाटणीचं सूत
मी माझ्या कांडीवर कसं गुंडाळू?

खरं सांगायचं तर सिनेमा मी पाहिला.
स्वयंपाकघरात, तिच्या फोनवर, आवाज बंद करून.
चाळीस मिनिटं चक्क आवडला.
बावीस वर्षांचा भूषण गाडीतून उतरतो
आणि हसताना डावा कान धरतो.
हे मी विसरले होते.
बारा वर्षं एकाच घरात राहून
विसरले होते,
आणि परक्यांनी ते मला परत आणून दिलं.
ते ऋण आहे. नाकारत नाही.

त्यानंतर खिडकी आली.

तो म्हणायचा, नऊ सेकंदांत
सरळ रस्त्यावर अर्धा किलोमीटर संपतो.
इथे नुसता एक पडदा सरकतो.
मी चित्र थांबवलं, दोन बोटांनी ताणलं.
पडद्यामागे एक सावली आहे.
बसलेली की निजलेली,
तिचं एक बोट हललं की नाही,
हललं असेल तर कशासाठी,
मला माहीत आहे.

इथवर वाचत आलात
तर तुम्हाला वाटत असेल, आता सांगेल.
तुम्हीही हळूच विचारता आहात.
साखर किती?

कुंभारेकाकांशी बोलणं बंद आहे.
खरं तर त्यांना गच्चीचे पैसेही मिळाले नाहीत,
नुसतं शेवटी आभारात नाव.
गांधीबागेतून मी जाड पडदा आणला,
दुप्पट अस्तराचा.
पण नागपुरात कूलर लावला की
दुसरी खिडकी उघडी ठेवावीच लागते,
नाहीतर खोली दमट होते, आणि मग त्याला—

असो.

दिवसा सेहेचाळीस होतं.
भिंती अजून तापलेल्या आहेत.
पडदा सारखा बाहेर फुगतो.
मी त्याची कड
मुठीत धरून बसते.