टेर्पस्त्रा

या गावात टपाल वाटणं म्हणजे
एकाच आडनावाची एकवीस दारं.
बेकरीवाला वीबे टेर्पस्त्रा,
त्याच्याशी अबोला धरलेला भाऊ हिल्के,
दातांची डॉक्टरीण,
चर्चमध्ये ऑर्गन बडवणारी चाउक्या,
शिवाय कालव्यावरचा पूल
आणि पाणी उपसणारा जुनाट पंप:
पितळी पाटीवर तेच नाव.
पंपाला पत्रं येत नाहीत, नुसतं वीजबिल.

टेर्प म्हणजे टेकाड.
समुद्र शेतात शिरायचा तेव्हा
शेण, राख, चिखल रचून उंच केलेली जमीन.
तिच्यावर राहिला तो टेर्पस्त्रा.
बुडाले त्यांची आडनावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मंगळवारी पारामारिबोहून कार्ड आलं.
कार्डं आम्ही वाचतो, खोटं कशाला बोलू.
पत्ता: टेर्पस्त्रा कुटुंब. घर नंबर नाही.
खाली सही: ओर्लीन स्त्राटेर्प.
वाटलं, बाई लिहिताना चुकली.
सायकल पुलाला टेकवून पुन्हा वाचलं.

चुकली नव्हती.
उसाच्या मळ्यातली माणसं मोकळी करताना
मालकानं आपलंच नाव दिलं त्यांना,
मधोमध मोडून, उलटं जोडून,
म्हणजे उद्या कुणी नातं सांगायला नको.
‘मालक तुमच्या गावचा होता.
त्याचं घर अजून आहे का?’
एवढंच विचारलंय.

वीबेचे हात पिठात होते.
हिल्के म्हणाला, भावाला विचार.
डॉक्टरीणबाईंनी चष्मा शोधला, सापडला नाही.
चाउक्यानं कार्डावरचं तिकीट तेवढं मागितलं, नातवासाठी.

पिशवीच्या तळाशी ते एकच उरलंय.
पंप सुरू झालाय, अंधारात पाणी वर चढतंय.

मी माहेरची टेर्पस्त्रा.
इतका वेळ बोलले नाही.