वाचून कायम

मंडळाची पहिली वही कोरी नव्हती.
पुढल्या पानांवर लाकडाची मापं,
बर्च किती, पाइन किती, कुणाच्या रानातलं,
बाबांच्या घाईच्या अक्षरात, जून एकेचाळीसपर्यंत.
आईनं वही उलटी धरली
आणि शेवटच्या पानावर लिहिलं:
कोइवुलाम्पी युद्धविधवा मंडळ. हजर अकरा.
जागा, आमच्या साउनाची बाहेरची खोली,
कारण गावात तेवढीच ऊबदार.

खरी सुरुवात त्याआधीची, करवतीची.
दोन मुठींची लांब करवत प्रत्येकीच्या भिंतीवर होतीच.
एकट्यानं ओढली की पातं वाकतं, लाकडात अडकून बसतं.
साइमी तीन दिवस झगडली,
चौथ्या दिवशी गुडघाभर बर्फातून हिल्याकडे गेली,
म्हणाली, सरपण संपलंय. दुसरी मूठ धर.
इतकंच.
ध्येय-उद्दिष्टं नंतर लिहिली,
सरकारी अर्जात रकाना असतो म्हणून.

वर्गणी: दोन अंडी किंवा एक ओंडका.
ठराव: पेन्शनचे कागद लेम्पीनं वाचावेत,
तिला स्वीडिश येतं, आणि ती साहेबाला घाबरत नाही.

अठ्ठेचाळीस साल. विषय चौथा, एल्वीच्या दारातले बूट.
दुसरं लग्न केलं की पेन्शन बंद.
लग्नावाचून कुणी राहतंय का, हे बघायला
सायकलवरून एक माणूस यायचा,
दारातली पायताणं मोजायचा.
त्या मंगळवारी अकराही दारांत
मर्दानी बूट होते, चरबी चोळून चकचकीत,
बहुतेकांचे धनी कारेलियाच्या मातीत.
वहीत एवढंच: चर्चा झाली नाही.

सगळंच असं सांगण्यासारखं नाही.
औनेच्या नवऱ्याला आपल्याच लोकांनी गोळी घातली,
आघाडी सोडून पळाला म्हणून.
तिचा अर्ज आला. बाजूनं चार, विरुद्ध सात.
औने बाहेर उभी होती, स्लेजच्या दांडीला टेकून,
पापण्यांवर हिम.
आई विरुद्ध होती. मी एकदा विचारलं तिला.
तिनं बटाटे सोलणं थांबवलं नाही.

दोन वर्षांनी हजेरीत औनेचं नाव आहे.
कुणी सुचवलं, काय बोलणं झालं, नोंद नाही.
एक पान फाडलेलं आहे, नीट, पट्टी लावून.
पुढची सव्वीस वर्षं वहीत अक्षर औनेचं.

शिवणयंत्र आलं, त्याचे हप्ते फिटले.
एकाहत्तरला नऊजणी इटलीला गेल्या.
साइमीनं समुद्र चाखून पाहिला आणि थुंकला.
मग नावांपुढे बारीक क्रूस येऊ लागतात,
आधी शाईचे, पुढे बॉलपेनचे.

आज वृद्धाश्रमात, खोली सहा.
विषय: मंडळ बंद करणे. शिल्लक दोनशे बारा युरो.
हजर एक.
मी, अठ्ठ्याहत्तरची, नुसती लेक, मला मत नाही.
मोठ्यानं वाचते: मागील सभेचे इतिवृत्त
वाचून कायम करण्यात यावे.
आई, गणपूर्ती होत नाही गं.

ती पांघरुणावर मूठ आवळते,
माझा हात ओढून समोर ठेवते, हातभर अंतरावर.
ढकलायचं नाही, ती सांगते.
आपण ओढायचं. मग सोडायचं. मग ती ओढते.
मी ओढते. मी ढकलते बहुधा,
कारण ती मान हलवते, डोळे मिटलेले.
औनेला जमायचं, म्हणते.
पहिल्या दिवसापासून.