शून्य मिलिमीटर

रुस्ताक मागे टाकून डोंगराकडे वळलं
की अर्ध्या तासावर हे गाव.
गाडी शाखेची, गारवा माझ्या वाट्याचा,
मांडीवर फाइल: बागायत कर्ज, नुकसान, पाहणी.

फाइलमध्ये असं:
दोन ते चार ऑक्टोबर, पर्जन्य शून्य मिलिमीटर.
सबब हप्ता पुढे ढकलण्याचा प्रश्न उद्भवत नाही.
खाली सही. सही माझीच.

जुवैना बिन्त खल्फान भांडली नाही.
आधी कॉफी दिली, वाटीभर खजूर दिले,
मग चपला सरकवून पुढे निघाली
वादीच्या काठाकाठानं, मागे न बघता.
तिथे सिमेंटचा चौथरा,
त्यातून वर आलेले चार बोल्ट, वाकलेले.
"पाऊस मोजायचं भांडं इथं होतं," ती म्हणाली.
"पहिल्याच रात्री गेलं.
किती भरलं ते आता समुद्राला विचारा."

माझं अरबी बाजारहाटापुरतं.
एवढं मात्र सगळं कळलं.

एकसष्ट माड आडवे. खजुराचे,
पण तोंडात माडच आला, गुहागरचा माणूस मी.
मुळं आभाळाकडे, उलट्या केरसुण्यांसारखी.
केरसुणी उलटी ठेवू नये म्हणतात आमच्याकडे.
ही कुणी ठेवली,
याला फॉर्मात रकाना नाही.

गुरुवार होता. गाव सिद्राखाली जमलेलं,
बोरीच्या जातीचं झाड ते, सावली बारीक चाळणीची.
पाटाला इथं फलज म्हणतात,
पाणी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळीनं.
पाळीला अथर. अथर विकता येतो,
गहाण टाकता येतो, मुलीला देता येतो.
मुहन्ना, पाण्याचा कारभारी, वही उघडून वाचू लागला:
फुटलेल्या पाटाच्या दुरुस्तीला कुणी किती दिलं.
मोठ्यानं. नावासकट.
नूरुल, सिल्हेटचा, बागेत राबतो,
नावावर थेंबभर पाणी नाही,
आठ दिवस दगड वाहिले. तेही वाचलं.

मग वाचलं: बँक.
सहा अथर, चार वर्षांपूर्वीच्या जप्तीतले.
वर्गणी चोपन्न रियाल.
भरले: शून्य.

कुणी हसलं नाही.
माझ्याकडे बघितलंही नाही कुणी, तशी त्यांची रीत.
मी उठलो. म्हटलं, मी काही बँक नव्हे.
आणि म्हणता म्हणता आठवलं,
फोनवर हप्ता मागताना
मी "आम्ही" म्हणतो.

मुहन्नानं चष्मा पुसला.
"वर्गणी थकली की पाळी लिलावात," तो म्हणाला.
"पणजोबांच्या आधीपासूनचा कायदा.
त्यात तुमच्यासाठी वेगळं कलम नाही घातलं,
तुम्ही येणार हे माहीत नव्हतं त्यांना."

बोली पाव रियालनं चढत गेली.
बँकेचं आठवड्याचं पाणी तीन रियालला गेलं,
जुवैनाकडे.
मी तिथेच उभा होतो, तिनं पायानं माती सरकवली,
आणि आमचं ते पाणी
उरलेल्या एकोणीस झाडांकडे वळलं.
आवाज नाही केला फारसा.

शाखेत मॅनेजर पावती उलटसुलट करत राहिले.
चोपन्न. कुठल्या खात्याला टाकायचे?
देखभाल? दंड? देणगी?
देणगी लिहू नका, मी म्हटलं.
त्यांनी पावती टाचणीला टोचून ठेवली.
अजून तिथेच आहे, पंख्याखाली फडफडते.

संध्याकाळी फाइल काढली, शून्य खोडलं.
वर आकडा काय लिहावा, सुचेना.
आकडा वाहून गेलेला.
लिहिलं: चार बोल्ट, वाकलेले, पूर्वेकडे.
खाली सही केली,
या वेळी वाचून.