खालच्या पायरीवर

ईस्टरला आठवडा उरला की
तिनोस बेटावर सगळ्या भिंती ओल्या असतात.
फ्रांझेस्कोस कबुतरखान्याला चुना लावायला निघतो
आणि मी शिडीच्या खालच्या पायरीवर उभी राहते.
एवढंच माझं काम. बावीस वर्षं.

शिडी सायप्रसच्या लाकडाची, त्याच्या बापानं ठोकलेली.
चार हात उंचीला एक हात अंतर,
तेही बापाचंच माप.
ताज्या चुन्याची भिंत बुळबुळीत,
ती कुणाला धरून ठेवत नाही,
नुसती मागे रेटते
गर्दीतल्या अनोळखी खांद्यासारखी.
जे काय धरलंय ते इथं, खाली,
संगमरवरी फरशीवर,
शिडीच्या दोन पायांनी
आणि माझ्या अठ्ठ्याहत्तर किलोंनी.

तो अर्ध्यावर असेतो मी इकडंतिकडं बघते.
तो जसजसा वर जातो
तसतसे शिडीचे पाय अंगणाकडे निघू बघतात,
जेवणावळीतून हळूच उठणाऱ्या पाहुण्यांसारखे.

यंदा तीन दिवस आम्ही बोललो नव्हतो.
भांडण कबुतरखान्याचंच:
पिरेअसचा एकजण तो विकत मागतोय.
मी हो म्हटलं. ह्यानं ताट सरकवलं.
तरी सकाळी शिडी लावली त्यानं
आणि मागे न बघता थांबून राहिला.
मी चढले माझ्या पायरीवर.
हा काही समेट नव्हता.

वर, कबुतरं जिथून आत-बाहेर करतात त्या जाळीपाशी
तो डावीकडं वाकला, राहिलेला एक पट्टा ओढायला,
आणि शिडी सरकली.
बोटभर.
दाताखाली खडा यावा तसा आवाज.
कबुतरं फडफडून उडाली, बादलीतला चुना माझ्या केसांत,
आणि मग
थांबली.
का थांबली ते मला नीट सांगता येणार नाही.
फरशी तिथं जरा खरबरीत होती.
मी जड होते.

बऱ्याच वेळानं वरून:
"झाबेता, आहेस ना?"
"जातेय कुठं," मी म्हटलं.

विकायचं की नाही, अजून ठरलेलं नाही.
फरशीवर दोन ओरखडे आहेत, शेजारी शेजारी.
काल तो तिथं उकिडवा बसला होता, छिन्नी घेऊन.
मला वाटलं, घासून पुसून टाकतोय.
जवळ गेले तर
तो फरशीला टाकी लावत होता,
गुळगुळीत झालेल्या जात्याला लावतात
तशी.