मुलाकात-वही

बडोद्याच्या जेलमधली ही वही
वडील निवृत्त झाले त्या दिवशी आमच्या घरी आली,
शाल, नारळ आणि स्टीलच्या डब्याखाली दडून.
चोरी म्हणा.
ते म्हणाले, रद्दीतच जाणार होती.

सुरुवातीची पानं आजोबांची, मोडीतली:
'कैदी नग चौदा, सतरंजीखाती.
नग दोन आजारी. नग एक पळाला, सापडला.'
बोरूचा तिरका, नम्र उतार,
माणसं मोजताना कुठेही न अडखळलेला.

दरबारी कागद टिकाऊ,
म्हणून उरलेल्या पानांवर तीस वर्षांनी
वडिलांचं गुजराती, निळ्या शाईत:
तारीख, नाव, नातं, काय आणलं.

मनहर बत्ती आत आला त्या साली.
त्याचे ट्रक निघाले की जकात नाक्यावरचा दिवा जायचा,
म्हणून बत्ती.
त्याला भेटायला मंगळवारी मामा,
गुरुवारी मामा,
शनिवारी पुन्हा मामा, पण दुसराच.
मी मोजले. सदतीस.
एवढं मोठं आजोळ कुणाला असतं?

शहरात दारूबंदी होती
आणि दारू होती.
कुठल्या पोळात किती पेट्या, कुठल्या चौकीला किती हप्ता,
सगळं चार नंबरच्या बराकीत ठरायचं,
मुलाकातीच्या जाळीतून बाहेर जायचं
सुखडीच्या रिकाम्या डब्यासोबत.
भिंत अठरा फूट. तिच्यामुळे
त्याचा एकही वैरी त्याच्यापर्यंत पोचला नाही.

तुम्हाला कळत नव्हतं? मी एकदाच विचारलं.
वडील बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
'रकाना नात्याचा होता,' म्हणाले,
'खऱ्याखोट्याचा नव्हता.'

त्याच साली आमच्याकडे फ्रिज आला.
आळीतला पहिला.
मी कोकम सरबत प्यायलो, बर्फ घालून,
दोन पेले.

श्रावणात माल बिघडला.
एका चाळीत अकरा जणांचे
आधी डोळे गेले,
मग ते.

आणि पुढच्या सोमवारी, वहीत:
हंसाबेन. वय साठ. भेट कोणाची: मनहर.
काय आणलं: काही नाही.
नातं:

इथे अक्षर नाही.
निबाचं टोक तसंच टेकून राहिल्यावर पडतो
तसा एक ठिपका,
खालच्या तीन पानांपर्यंत उतरलेला.