जाऊन राहिली

मे महिन्यात नागपूरला कोणी येते का बापा,
हेडाऊ काकू गच्चीवरून ओरडून विचारत होत्या
आणि खाली ऑटोतून उतरत होती
एस्टोनियाची मारित,
पाठीवर तिच्याएवढी पिशवी, नाक आधीच भाजलेलं.
आईने नाव दोनदा विचारलं.
मग म्हणाली, आपण मारोती म्हणू, सोपं पडते.
पंकू म्हणाला, मारित तं मारित,
कोणाले मारत तं नाही ना.

दोन महिने. सकाळी विद्यापीठात मराठीचा वर्ग,
दुपारी आमची वरची खोली.
तिच्यात कूलर एकच, तोही माझ्या खाटेकडे तोंड करून.
पहिल्या रात्री मी तो तिच्याकडे वळवला नाही.
हे मीच लिहून ठेवते,
तिने तिच्या वहीत लिहिलं नसेल.

बाकी सगळं लिहायची.
आज छेचाळीस अंश.
वाळ्याच्या ताटीचा वास: पाणी गवतातून चालत आल्यासारखा.
खिशात कांदा, उन्हासाठी. विज्ञान नाही, काकू आहेत.
काकांच्या भोजनालयातला सावजी रस्सा.
रडणे, क्रियापद, अकर्मक.
तरी जेवण चालू.

तिच्याकडे म्हणे जूनमध्ये रात्र नीट होतच नाही,
लोक खिडकीला काळं कापड लावून झोपतात.
आम्हीही लावतो, मी म्हटलं, दुपारी.
नवतपा लागला होता,
तांडापेठेतली कुत्री नालीत पोट टेकून पडली होती.
त्या काळ्या कापडाआड
आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र हसलो,
आणि उठून मी कूलर मधोमध ओढला.

वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने होते,
डावीकडे वर्गातली मराठी, उजवीकडे घरातली.
का, कायले.
होय, हाव.
मुलगी, पोट्टी.
वेडा, भैताड. पंकूने शिकवला, पंकूवरच वापरला.

उजवीकडचं खोडून टाक, मी म्हटलं, ते अशुद्ध आहे.
कोण म्हणालं?
सातवीतल्या बाई.
निबंधात मी लिहिलं होतं, आई पापड लाटून राहिली आहे.
'राहिली' खोडताना
त्यांची लाल रेघ मागे घसरत
आईपर्यंत गेली होती.
तेव्हापासून फाटकाच्या आत मी एक बोलते, बाहेर दुसरं,
आणि आई शाळेत आली
की तिच्या पुढे होऊन
तिच्या वाटचंही मीच बोलून टाकायची.

मारितने पेन्सिल चावली.
माझ्या आईच्या गावाची पण वेगळी बोली, ती म्हणाली,
आई मला फोनवर तिच्यात रागावते.
रागवायला तीच बरी.
खोडलं मात्र काही नाही. उलट विचारलं,
'ती जाऊन राहिली' म्हणजे
जाते, की राहते?

मी तोंड उघडलं
आणि कूलरचं पाणी संपलं, पंप खडखडायला लागला.
बादली आणायला खाली गेले.
उत्तर द्यायचं राहून गेलं.

निघताना आईने सावजी मसाल्याची बरणी
तीन पिशव्यांत बांधून दिली,
वास आला तं म्हणजो, औषध आहे.
सोनेगावला विमानतळाच्या काचेच्या दारापाशी
शिपाई पासपोर्ट बघत होता, मागे रांग होती.
मारित वळली, हात केला
आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने:
काकू, जाऊन राहिली मी!
आई म्हणाली, हाव बाई. नीट जाजो.
पोहोचली की फोन करजो.

रांगेतल्या एक-दोघांनी वळून पाहिलं.
माझे पाय सवयीने पुढे होणार होते.
झाले नाहीत.

परतीच्या ऑटोत आई वर्धा रोडभर गप्प.
अजनीच्या सिग्नलला पदराने डोळे टिपत म्हणाली,
किती शुद्ध बोलते नाही पोट्टी.

मी म्हटलं, हाव.

त्या निबंधाला मले
दहापैकी चार होते.