सतरा काळे गोल

सेमिनरी हिल्सच्या खोलीत कूलर घरघरतो.
टेबलावर सरावाचा फोटो, विमानातून घेतलेला.
फ्लाइट लेफ्टनंट शर्वरी मुधोळकर
पेन्सिलीने मोजते: सतरा काळे गोल,
झाडांच्या बुंध्यांशी.
तोफा असाव्यात.

कामठीहून आलेले सुभेदार उईके
चष्मा पुसतात, वाकतात,
वास घेतल्यासारखे.
"तोफा नाही जी, मॅडम.
मोहाखालचा पाला जाळला हाये.
फुलं वेचाले सोपी जातेत मंग.
माही माय बी असंच करे."

पेन्सिल हवेतच थांबते.

मग त्यांचं बोट टेकडीच्या कडेला अडतं.
"अन् हिच्या मांगं काय हाये?
आमाले खालून कधी दिसलंच नाही."
ती दुसरा फोटो सरकवते.
नाला. कोरडा, खोल, माणूस मावेल असा.

ते बघतच राहतात.
असा एक फोटो त्यांच्या तुकडीलाही मिळाला होता,
तिसऱ्या दिवशी, चार सह्यांनिशी.
तोवर लान्स नायक मडावी
नाल्याच्या अलीकडे, उघड्यावर.

हे ते सांगत नाहीत.
"या टेबलावरचा फोन नंबर देता का?"
एवढंच विचारतात.

ती 'तोफा' खोडते,
समासात लिहिते: मोहफुलं.
नंबर ते तळहातावर उतरवून घेतात.
कागद आधी वर पाठवावा लागतो.